झेंडा, वारा आणि सीमाभाग

डिसेंबर २०२० मध्ये बेळगाव महापालिकेसमोर कन्नडचा लाल-पिवळा झेंडा उभा राहिला आणि मग मोर्चा, निवेदन, पोलीस बंदोबस्त असं सगळं रीतसर झालं. तेव्हापासून भाषेचा कुठलाही वाद पेटला की आमच्या मोबाइलवर एक झेनकथा, म्हणजे चीन-जपानमधल्या ध्यानावर भर देणाऱ्या बौद्ध पंथातली गोष्ट, हमखास फिरते. देवळावरचा झेंडा फडफडत असतो. एक भिक्षू म्हणतो, झेंडा हलतोय. दुसरा म्हणतो, छे, वारा हलतोय. दोघांचं काही जमत नाही. तेवढ्यात सहावे आचार्य हुइनेंग येतात आणि म्हणतात, झेंडाही हलत नाही आणि वाराही हलत नाही, हलतंय ते तुमचं मन. खाली उगवत्या सूर्याचं नाहीतर कमळाचं चित्र आणि सल्ला: मन शांत ठेवा, सगळे वाद आपोआप मिटतील.

ही कथा अशी वापरणं म्हणजे कथेची फसवणूक आहे आणि सीमाभागातल्या माणसाचीही, असं माझं मत आहे. झेनमधले कोआन, म्हणजे गुरूने शिष्यापुढे टाकलेले ते चमत्कारिक प्रश्न आणि प्रसंग, गप्प बसवण्यासाठी कधीच नव्हते. रोजच्या जगण्यात त्यांचा उपयोग करायचाच असेल तर तो आपल्याला अधिक अडचणीत टाकणारा आहे. आणि ती अडचण बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसाने टाळू नये.

आधी एक मान्य करतो. ज्यांना हा ‘मन शांत ठेवा’चा सल्ला आवडतो त्यांचा थकवा खोटा नाही. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला, माणसं गेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात आली आणि आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलो. १९६६ मध्ये सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी अहवाल आला, तो महाराष्ट्राने नाकारला. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झालं, पुन्हा गोळ्या, पुन्हा हुतात्मे. २००४ मध्ये महाराष्ट्राने ८६५ गावांसाठी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. आजोबांनी घोषणा दिल्या, बापाने लाठ्या खाल्ल्या, नातू नोकरीसाठी पुण्याला गेला. दरवर्षी १ नोव्हेंबरला सकाळी काळ्या दिनाची सायकल फेरी निघते आणि त्याच दिवशी त्याच शहरात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूकही निघते. इतकी वर्षं असं जगलेल्या माणसाला कुणी सांगितलं की सगळा खेळ मनाचा आहे, तर त्याला बरं वाटणारच.

ध्यानाने बरं वाटतं यातही वाद नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग सुरू केला, तिथून हे लोण दवाखान्यात आणि कचेऱ्यांत पोचलं. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा लहान ते मध्यम स्वरूपाचा फायदा होतो, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे चमत्कार नव्हे आणि थोतांडही नव्हे. ज्याला झोप लागत नाही, ज्याचा रक्तदाब वाढलाय, त्याने जरूर बसावं. माझा आक्षेप बसण्याला नाही. बसून उठल्यावर जे तत्त्वज्ञान हातात ठेवलं जातं त्याला आहे.

आता त्या झेंड्याच्या कथेकडे. ती ज्या संग्रहातून आली तो चीनमध्ये १२२८ च्या सुमारास मुमोन नावाच्या आचार्यांनी केला. त्यात ४८ प्रसंग आहेत आणि झेंड्याचा प्रसंग २९ वा. प्रत्येक प्रसंगाखाली मुमोनची टीप असते, आणि मोबाइलवर फिरताना नेमकी हीच टीप गळून पडते. मुमोन लिहितात की वारा हलत नाही, झेंडा हलत नाही आणि मनही हलत नाही. मग सांगा, आचार्य तुम्हाला दिसले कुठे? म्हणजे हुइनेंगच्या ज्या वाक्यावर आपण माना डोलावतो ते वाक्य मुमोन लगेच काढून घेतात. पुढच्या ओळींत तर ते वारा, झेंडा आणि मन म्हणणाऱ्या तिघांनाही एकाच आरोपपत्रात बसवतात.

मुमोनच्या आधीच्या काळातलीही एक गोष्ट आहे, ती मला जास्त आवडते. जपानी आचार्य दोगेन यांनी १२४० मध्ये ती लिहून ठेवली. नवव्या शतकात ग्योझान नावाच्या आचार्यांच्या मठात म्योशिन नावाची भिक्षुणी होती. मठाचं बाहेरचं खातं, म्हणजे पाहुणे, देणगीदार, सरकारी माणसं यांच्याशी व्यवहार बघणारी कचेरी, कुणाकडे द्यायची असा प्रश्न आला तेव्हा आचार्यांनी तिला नेमलं. एकदा दूरच्या प्रांतातून सतरा भिक्षू ग्योझानना भेटायला आले. डोंगर चढण्याआधी रात्री ते या कचेरीत मुक्कामाला थांबले आणि झेंडा-वाऱ्याच्या कथेवर बोलत बसले. प्रत्येकाचं वेगळं भाष्य. शेजारच्या खोलीतून म्योशिनने ऐकलं आणि म्हणाली, सतरा आंधळी गाढवं! गवती चपला झिजवत इतकी हिंडली, पण धर्म यांच्या स्वप्नातसुद्धा आलेला नाही. कुणीतरी हे त्यांच्या कानावर घातलं. बिचारे ओशाळले, उदबत्ती लावून तिच्यापुढे आले. ती म्हणाली, जवळ या. ते पुढे येत होते, अजून पोचलेही नव्हते, तोच ती म्हणाली: वारा हलत नाही, झेंडा हलत नाही, मनही हलत नाही. सतरा जणांनी तिला गुरू मानलं आणि डोंगर न चढताच परत गेले.

दोगेनने ही गोष्ट बायकांना गुरू मानायला कचरणाऱ्या भिक्षूंच्या तोंडावर मारण्यासाठी सांगितली. आम्हा सीमाभागातल्या लोकांना तिच्यात आणखी एक गोष्ट दिसायला हवी. ‘सगळं मनात आहे’ हे उत्तर खोडून काढणारी बाई गुहेत बसलेली नव्हती. तिच्या टेबलावर हिशेब होते, दारात माणसं होती, सरकारी कामं होती. बाहेरच्या व्यवहाराचा जिला रोजचा अनुभव, तिलाच हे कळलं की मनावर ढकलून देणं ही सुद्धा एक पळवाट आहे.

बेळगावात या वादाचे तिन्ही पक्ष सापडतात. झेंडा हलतोय म्हणणारे: त्यांना आपला झेंडा आणि त्यांचा झेंडा यापलीकडे काही दिसत नाही. वारा हलतोय म्हणणारे: हे सगळं निवडणुकीचं राजकारण आहे, मतदान झालं की वारा पडेल, असं चहाच्या टपरीवर सांगणारे अनुभवी लोक. आणि मन हलतंय म्हणणारे, जे हल्ली वाढलेत. तिघांचीही उत्तरं तयार आहेत आणि तिन्ही उसनी आहेत. मात्र महापालिकेसमोरचा खांब कुणीतरी रोवला, कुणाची तरी परवानगी होती किंवा नव्हती, कुणीतरी बंदोबस्त दिला. यातलं काहीही कुणाच्या मनात घडलेलं नाही.

कोआनची साधना कशी चालते हे थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते फक्त चुटके म्हणून पोचलेत. याला एक कारण पुण्याचं आहे. ओशोंनी शेवटच्या वर्षांत झेनवर भरपूर प्रवचनं दिली, त्यातल्या गोष्टी सुटून महाराष्ट्रभर आणि आमच्यापर्यंतही आल्या. गोष्टी आल्या, पण ध्यानाची बैठक मागेच राहिली. झेनमधल्या रिंझाई पंथाच्या मठात शिष्याला एक कोआन दिला जातो. सुरुवातीला बहुतेकदा जोशू या चिनी आचार्यांचा: कुत्र्यात बुद्धस्वभाव आहे का, या प्रश्नाला जोशू म्हणाले ‘मु’, म्हणजे ‘नाही’, पण होय-नाहीतलं नाही हे नव्हे. किंवा अठराव्या शतकातल्या जपानी आचार्य हाकुइनचा: एका हाताच्या टाळीचा आवाज कोणता? शिष्य तो प्रश्न घेऊन बसतो, झाडतो, स्वयंपाक करतो आणि ठरलेल्या वेळी एकटा गुरूपुढे जाऊन उत्तर मांडतो. गुरू बहुतेक वेळा घंटी वाजवतात. घंटी म्हणजे बाहेर जा. हे महिनोन् महिने, वर्षानुवर्षं चालतं. हुशारीचं उत्तर चालत नाही, पुस्तकातलं चालत नाही, गुरूने मागच्याला मान्य केलेलं सुद्धा चालेलच असं नाही. १९१६ मध्ये जपानमध्ये कुणीतरी वैतागून कोआनच्या ठरलेल्या उत्तरांचं पुस्तकच छापलं होतं, दहावीच्या गाईडसारखं. त्याने काही बिघडलं नाही, कारण गाईड पाठ करून आलेला घोकंपट्टीवाला गुरूला दारातच ओळखू येतो.

म्हणून ‘जगण्याला मार्गदर्शन’ असं कोआनबद्दल म्हणताना जपून बोलायला हवं. नोकरी सोडू का, शेत विकू का, मुलाला कुठल्या माध्यमात घालू, याची उत्तरं त्यात नाहीत. उसनं उत्तर तोंडावर आलं की ते गिळून टाकायची सवय त्यातून लागते. आता मला सांगा, सीमाभागाइतका उसन्या उत्तरांवर जगणारा मुलूख दुसरा कुठला आहे?

आणि हे शिकायला जपानपर्यंत जायची गरज नव्हती. काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड, एक वसेचिना. ज्ञानेश्वरांचा हा कूट अभंग आमच्या गावागावांतल्या भजनात म्हटला जातो. मुक्ताबाईंची आकाशात उडून सूर्य गिळणारी मुंगी पोरांनाही माहीत असते. (८६५ गावांच्या लोकांनी तरी त्या तीन गावांच्या अभंगाशी जरा जास्त वेळ थांबायला हवं होतं.) पण आम्ही करतो काय? टाळ थांबले की महाराज निरूपण करतात: तीन गाव म्हणजे तीन गुण, कुंभार म्हणजे अमुक, मडकं म्हणजे तमुक. झालं, कोडं सुटलं, हरिपाठ, प्रसाद. सप्ताहातली निरूपणं मला आवडतात, काही फार सुंदर असतात. तरी कोड्याला लगेच अर्थाची यादी लावून मोकळं होण्यात काहीतरी गमावतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पलीकडच्या भाषेतही हेच हत्यार आहे. बाराव्या शतकात बसवकल्याणच्या अनुभवमंटपात, म्हणजे लिंगायत संतांच्या (शरणांच्या) धर्मसभेत, शून्यसिंहासनावर म्हणजे अध्यक्षपदावर बसलेले अल्लमप्रभू बेडगिन वचनं म्हणत, म्हणजे गूढ, उलटसुलट वाटणारी वचनं, ज्यांचा सरळ अर्थ लावायला गेलं की डोकं भिंतीवर आपटतं. कोआनच्या इतकं जवळचं भारतीय साहित्य दुसरं सहज सापडणार नाही. आमच्या शहापूर-वडगावच्या माणसाला कन्नड बाजारापुरतं उत्तम येतं, कचेरीपुरतं येतं, पण अल्लम त्याने वाचलेला नसतो. आणि कन्नड शेजाऱ्याने मुक्ताबाई वाचलेली नसते. सत्तर वर्षं शेजारी राहून एकमेकांच्या कोड्यांशी ओळख नाही, फक्त घोषणांशी आहे. याचा दोष मी कुठल्याही सरकारवर टाकणार नाही. वाचायला कुणी बंदी घातली नव्हती.

मुमोनच्या संग्रहातला १४ वा प्रसंग सीमाभागासाठीच लिहिला असावा असं कधी कधी वाटतं. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या दालनातले भिक्षू एका मांजरावरून भांडत होते. नानसेन आचार्यांनी मांजर उचललं आणि म्हणाले, तुमच्यापैकी कुणी एक खरा शब्द बोललात तर हे वाचेल, नाही तर मी कापतो. कुणालाच बोलता आलं नाही. नानसेननी मांजर कापलं. संध्याकाळी जोशू बाहेरून आले, त्यांना हकिकत सांगितली. जोशूंनी पायातली चप्पल काढून डोक्यावर ठेवली आणि चालते झाले. नानसेन म्हणाले, तू असतास तर मांजर वाचलं असतं.

डोक्यावरच्या चपलेचा अर्थ मी सांगणार नाही. पण दोन दालनं आणि मधलं मांजर आपण रोज बघतो. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. मग पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमधल्या भाषेच्या बोलाचालीवरून मारहाण झाली, पुन्हा दोन्हीकडे काळं फासणं, पुन्हा बससेवा बंद. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला बेळगावला येतो. आमच्या पश्चिम भागातली पोरं कामाला सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीला जातात. त्यांना त्या दिवसांत कुणी विचारलं का, की तुमचं काय? दोन्ही दालनं मांजर आमचं म्हणत होती आणि मांजराची मान मात्र दोघांपैकी कुणाच्याच हातात नव्हती. ज्यांच्या हातात होती ते मुंबई, बेंगळुरू आणि दिल्लीत होते.

इथवर वाचून मराठी वाचकाने मान डोलावली असेल तर मला संशय येतो. मांजर म्हणजे आपणच असं ठरवणं फार सोयीचं आहे. भांडणाऱ्या भिक्षूंतही आपण आहोत. दोगेन ध्यानाबद्दल सांगताना एक पाऊल मागे घेऊन प्रकाश स्वतःकडे वळवायला सांगतात. तो वळवला की पहिला प्रश्न शाळेचा येतो. मराठीसाठी मोर्च्यात पुढे असणाऱ्या किती घरांतली मुलं आज मराठी शाळेत आहेत? मी आकडे देत नाही, ज्याने त्याने आपल्या गल्लीत मोजावं. गावातल्या सरकारी मराठी शाळेत पटसंख्या का घसरते, याला कर्नाटक सरकारचं दुर्लक्ष हे एक खरं उत्तर आहे: शिक्षक वेळेवर मिळत नाहीत, पुस्तकं उशिरा येतात. पण सकाळी त्याच शाळेसमोरून इंग्रजी माध्यमाची पिवळी व्हॅन जाते तेव्हा तिच्यात बसलेली मुलं सरकारची नसतात. ती आमची असतात. कारणही सगळ्यांना माहीत आहे. पोराला पुढे इंजिनिअर व्हायचंय, मराठीतून कसं जमणार? हा प्रश्न खोटा नाही, त्या आईबापांना मी गद्दार म्हणणार नाही. कोआन असतो तो असाच: दोन्ही बाजू खऱ्या, आणि तरी उठून काहीतरी करायचं आहे. वाईट याचं वाटतं की हा प्रश्न आम्ही कधी मांडतच नाही. व्यासपीठावरून मांडला तर टाळ्या थांबतात.

मग रोजचं काय करायचं? इथे जोशू पुन्हा उपयोगी पडतात. एक नवा भिक्षू आला आणि म्हणाला, मी नुकताच मठात आलोय, मला शिकवा. जोशूंनी विचारलं, पेज प्यालास का? आमच्याकडे भेटल्या भेटल्या ‘जेवलास काय?’ विचारतात तसंच. तो म्हणाला, प्यालो. जोशू म्हणाले, मग भांडं धू.

सीमाभागात न धुतलेली भांडी पुष्कळ आहेत. राज्यपुनर्रचनेच्या वेळीच, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ आणि ३५० ब ही कलमं आली. पहिलं म्हणतं की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याच्या पुरेशा सोयी राज्याने कराव्यात. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी नेमायचा एक विशेष अधिकारी दिला, त्याचा अहवाल संसदेपुढे जातो. एखाद्या तालुक्यात वा पालिकेच्या हद्दीत अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असंही ठरलेलं आहे. हे मिळवायला महाराष्ट्रात जावं लागत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागावा लागत नाही. लागतो तो अर्ज, पोचपावती, स्मरणपत्र, माहिती अधिकार, पुन्हा अर्ज. कंटाळवाणं काम आहे, फोटो येत नाही, हार पडत नाही. काही मंडळी हे चिकाटीने करतात, त्यांची संख्या मोर्च्यातल्या गर्दीच्या मानाने फार थोडी आहे. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं हा २०२४ चा कायदा आला तेव्हा आमच्याकडे संताप भरपूर झाला. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी लिहायला मात्र किती दुकानदारांनी रंगारी बोलावला? बऱ्याच पाट्यांवर ती जागा इंग्रजीने घेतली. तो ब्रश कुठल्याही सरकारने धरलेला नव्हता.

याचा अर्थ मोठा प्रश्न सोडा असा काढू नये. भांडं धुणारा भिक्षू मठ सोडून गेला नव्हता. दावा चालू राहावा, काळा दिन पाळावा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, हुतात्म्यांना १७ जानेवारीला वाकून नमस्कार करावाच. पण निकाल लागेपर्यंत जगणं पुढे ढकलायची जी सवय आम्हाला लागली आहे, तिच्यावर जोशूंचा टोला नेमका बसतो.

आता झेनच्या मर्यादेबद्दल. हे टाळून झेनची वकिली करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानमधल्या झेन पंथांनी सम्राटाच्या युद्धाला उघड साथ दिली. वर्षानुवर्षं ध्यान केलेले, कोआन पार केलेले आचार्य सैनिकांना निर्विकार मनाने लढायला आणि मरायला शिकवत होते. झेनमधल्या सोटो पंथाने १९९२ मध्ये याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला, रिंझाई परंपरेतल्या म्योशिनजी मठाने २००१ मध्ये माफी मागितली. ब्रायन व्हिक्टोरिया या सोटो पंथाच्याच भिक्षूने ही सगळी कागदपत्रं शोधून १९९७ मध्ये जगापुढे ठेवली. ध्यानाने मन एकाग्र होतं. ते कशावर एकाग्र व्हावं, हे ध्यान सांगत नाही. दगड मारणारा माणूसही त्या क्षणी पूर्ण एकाग्र असतो.

मुमोनच्या संग्रहात याचाही इशारा आहे, पण तो फारसा कुणी फॉरवर्ड करत नाही. दुसऱ्या प्रसंगात एक म्हातारा सांगतो की मी पूर्वी आचार्य होतो. ज्ञानी माणूस कार्यकारणाच्या नियमात सापडतो का, असं कुणी विचारल्यावर मी नाही म्हणालो आणि पाचशे जन्म कोल्हा झालो. हयाकुजो आचार्य त्याला सोडवतात ते एवढंच सांगून, की ज्ञानी माणूस कार्यकारणाकडे डोळेझाक करत नाही. मन शांत झालं म्हणून आपल्या कृत्याचे परिणाम चुकत नाहीत, आणि आपल्या गप्प बसण्याचेही नाहीत.

हयाकुजो हे ‘ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी जेवण नाही’ या नेमासाठी प्रसिद्ध आहेत. म्हातारपणी शिष्यांनी त्यांची कुदळ लपवली तर ते जेवले नाहीत, अशी आख्यायिका आहे. कायकवे कैलास, म्हणजे श्रम हाच कैलास, म्हणणारे शरण याच जातीचे, पण ते एक पाऊल पुढे जातात. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणत, त्यावर दासोह, म्हणजे सगळ्यांसाठीचं अन्नदान, चाले. एक दिवस त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. बायको लक्कम्मा म्हणाली, हाव राजाला असते, शिवभक्ताला कशाला? जिथून आणले तिथे टाकून या. ध्यान, काम आणि त्या कामात किती आपलं आणि किती दुसऱ्याचं, असे तिन्ही धागे इथे एकत्र येतात. झेनमध्ये तिसरा धागा अनेकदा सुटलेला दिसतो.

तो धागा आधुनिक काळात सर्वांत घट्ट धरला बाबासाहेबांनी. १९२५ मध्ये निपाणीला बहिष्कृत वर्गाची परिषद झाली तेव्हा ते इथे आले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी धम्म स्वीकारला, त्यानंतर अठरा दिवसांनी आमची राज्यं बदलली. धम्माचं काम जगाचं मूळ सांगणं नव्हे, जगाची पुनर्रचना करणं हे आहे, अशी त्यांची मांडणी होती. सीमाभागातल्या उच्चवर्णीय घरांत विपश्यना आणि झेन पोचतं, निपाणीच्या विडीकामगार वस्तीतला बुद्ध पोचत नाही, हे निव्वळ योगायोगाने घडत असेल असं मला वाटत नाही. एक बुद्ध झोप देतो, दुसरा झोप उडवतो.

आक्षेप येईल की गुरूशिवाय कोआन म्हणजे पोरखेळ. बरोबर आहे. बेळगावात रिंझाई मठ नाही आणि तो असावा असंही मी म्हणत नाही. पण घंटी वाजवणारं कुणीतरी लागतं, म्हणजे आपल्या तयार उत्तराला समोरासमोर ‘हे चालणार नाही’ म्हणणारं. आमच्या सार्वजनिक जीवनात ते उरलेलं नाही. सभेत सगळे आपलेच असतात, समाजमाध्यमांवर तर विचारूच नका.

म्हणून एक सुचवतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. गावकरी वर्गणी काढून ग्रंथदिंडी, परिसंवाद, कविसंमेलन, जेवणावळ सगळं करतात, आणि महाराष्ट्रातल्या भल्याभल्या शहरांना हे जमत नाही. शेवटी ठराव होतात, त्यात सीमाप्रश्नाचा ठराव दरवर्षी असतोच. तो राहू द्या. फक्त एक तास असा ठेवा की ज्यात ठराव नाही, पाहुणा नाही, अध्यक्षीय समारोप नाही. गावातली चार माणसं बसतील: एक शेतकरी, मराठी शाळेतली एक शिक्षिका, इंग्रजी माध्यमात मूल घातलेला एक बाप आणि गावातलाच एक कन्नड बोलणारा. प्रत्येकाने एकच प्रश्न मांडायचा, ज्याचं उत्तर त्याला स्वतःला माहीत नाही. समोरच्यांनी उत्तर द्यायचं नाही, भाषण करायचं नाही, उलटा प्रश्न विचारायला हरकत नाही. सूत्रसंचालकाला एक घंटी द्या, घोषणा सुरू झाली की त्याने ती वाजवायची. पहिल्या वर्षी गोंधळ होईल, कुणीतरी उठून माइक धरेलच. त्या सूत्रसंचालकाचं काम मात्र गावातल्या पुढाऱ्याला देऊ नका, बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या एखाद्या ताईंना द्या.